हिमोग्लोबिन पाठ आहे, पण एक अमिनो ॲसिड बदललं की उत्तर सुचत नाही

राधानगरीची

नमस्कार. विचारायचं थोडंच आहे, पण आधीचं सांगितल्याशिवाय कळायचं नाही, म्हणून सगळं लिहिते.

मी कोल्हापुरात एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री करते, दुसरं सत्र. बी.एस्सी. तालुक्याच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन झालं, त्यामुळे पेप्टाइड बंध, पीकेए, हायड्रोजन बंध यांना मी बिचकत नाही. या सत्रात प्रोटीनची रचना आणि कार्य असा अख्खा पेपर आहे आणि मी तो मनापासून केलाय. अल्फा हेलिक्सच्या एका वेढ्यात ३.६ अमिनो ॲसिड, वेढ्याची उंची ५.४ अँगस्ट्रॉम. रामचंद्रन प्लॉट, म्हणजे साखळीला कुठले कोन चालतात त्याचा नकाशा, न बघता काढते. ॲन्फिन्सेन यांचा रायबोन्यूक्लिएजचा प्रयोग, १२४ अमिनो ॲसिडची साखळी, चार डायसल्फाइड बंध, ८ मोलर युरियात उलगडली तरी परत आपली आपण घडी घालते, सगळं सांगता येतं. कायमोट्रिप्सिनमधली सेरीन १९५, हिस्टिडीन ५७ आणि ॲस्पार्टेट १०२ ही त्रयी मला झोपेतून उठवून विचारा.

मागच्या आठवड्यात अंतर्गत परीक्षेचे पेपर हातात मिळाले. दहा मार्कांच्या प्रश्नाला मला अडीच आहेत.

प्रश्न असा होता: गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळी असते आणि तिच्यात १४३ व्या जागी हिस्टिडीनऐवजी सेरीन असतं. याचा ऑक्सिजन धरण्यावर काय परिणाम होईल, कारणासह लिहा. मी अडीच पानं लिहिली. चार साखळ्या (दोन अल्फा, दोन बीटा), प्रत्येकीत हीम नावाचं सपाट कडं, हीममध्ये लोह, कुठल्या दाबाला किती ऑक्सिजन धरला जातो त्याची एस आकाराची वक्ररेषा, आकृतीसुद्धा काढली. शेवटी लिहिलं, 'त्यामुळे ऑक्सिजनची ओढ वाढते'. गर्भाच्या हिमोग्लोबिनची ओढ जास्त असते हे मला पाठच होतं. मॅडमनी त्या ओळीखाली लाल पेनानं लिहिलंय, 'का? यात १४३ कुठे आहे?'

रूमवर येऊन परत वाचलं. अडीच पानांत १४३ हा आकडा एकदाच आलाय, तोही प्रश्न उतरवून घेताना.

मॅडमवर राग नाही, त्यांचं बरोबरच आहे. मला कळत नाही ते एवढंच, की हे 'का' शिकायचं कसं. पुस्तकातलं चित्र तासभर बघितलं तरी ते चित्रच राहतं. चित्र कॉम्प्युटरवर फिरवून बघावं म्हणून लॅपटॉपवर पायमोल हे रेणू बघायचं सॉफ्टवेअर टाकलं, ऑक्सिहिमोग्लोबिनची १एचएचओ ही फाइल उतरवली, तर तिच्यात दोनच साखळ्या! पुस्तकात चार आहेत. चुकीची फाइल आली असं वाटून बंद केलं. लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅम, तो फिरवतानाही अडकतो.

सत्र परीक्षेला सोळा दिवस उरलेत. ज्यांनी हा विषय केलाय त्यांनी सांगा, रचना बघायची कशी म्हणजे कार्य दिसेल?

इचलकरंजी_९९

अल्फाफोल्ड वापर ना. २०२४ च्या केमिस्ट्रीच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यासाठीच मिळालाय. साखळीचा क्रम दिला की रचना तयार मिळते. हिस्टिडीनच्या जागी सेरीन घालून बघ, फरक लगेच दिसेल.

उद्यमनगर

राधानगरी, तुझ्या मॅडमनी 'का?' विचारलं हे फार चांगलं केलं. मी हाच विषय याच गावात १९९४ साली शिकले आणि आता बरीच वर्षं शिकवते. तू जिथे अडली आहेस तिथे मीही अडले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी फाइलचं. फाइल बरोबर आहे. क्रिस्टलमध्ये तोच तो भाग पुन्हा पुन्हा येतो, म्हणून फाइलमध्ये फक्त न-पुनरावृत्त तुकडा लिहून ठेवतात. त्या क्रिस्टलमध्ये रेणूचा एक अर्धा भाग सममितीनं दुसऱ्या अर्ध्याचीच प्रत आहे, म्हणून एक अल्फा आणि एक बीटा एवढंच दिसलं. साइटवर 'बायोलॉजिकल असेंब्ली' असा पर्याय आहे, तो उतरवून घे. सोबत ४एचएचबी उतरव, ते ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन, त्यात चारही साखळ्या आहेत. पाण्याचे रेणू लपव आणि फक्त कार्टून ठेव, जुना लॅपटॉपही चालेल.

आता मुख्य गोष्ट. माझे आबा उद्यमनगरात टर्नर होते. आमच्या वेळी कॉम्प्युटरवर रेणू फिरवायची सोय आमच्या हाताशी नव्हती, म्हणून मी त्यांना अल्फा हेलिक्स करून मागितली. एक अँगस्ट्रॉमला एक सेंटिमीटर असं माप धरलं. आबांनी पाइपावर तांब्याची जाड तार गुंडाळली, पाइप काढून घेतला आणि तार ओढत ओढत प्रत्येक वेढा ५.४ सेंटिमीटरवर आणला, मध्येमध्ये पट्टी लावून. मग मी सांगत गेले तसे दर दीड सेंटिमीटर उंचीला, म्हणजे दर १०० अंशांनी, लाल ऑइलपेंटचे ठिपके दिले. ३.६ हा आकडा त्यांना पटेना. 'आट्याला असला अर्धामुर्धा हिशेब कशाला?' म्हणाले. ठिपके वाळल्यावर त्यांनी तार डोळ्यांसमोर धरून हळूहळू फिरवली आणि त्यांनाच दिसलं: पहिला, पाचवा, आठवा, बारावा ठिपका जवळजवळ एका अंगाला येतात. त्या जागांवर तेलकट अमिनो ॲसिड असली तर हेलिक्सची एक बाजू तेलकट होते आणि ती बाजू प्रोटीनच्या आत वळते. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं ते त्या तारेवर.

मग आबांनी तार माझ्या हातात दिली आणि विचारलं, 'बरं, हे चालतं कसं? बंद असताना कसं असतं आणि चालू झालं की काय हलतं?'

मला उत्तर देता आलं नाही. मी पूर्ण सत्रभर बंद मशीनचा फोटो पाठ करत होते.

आबा दुरुस्तीला जायचे तेव्हा पाना हातात घेण्याआधी मशीन हातानं एक फेरा फिरवून बघायचे. तू तेच कर. कुठल्याही प्रोटीनची एकच रचना बघू नकोस. काम करण्याआधीची आणि करतानाची अशा दोन शेजारी ठेव आणि त्यांच्यातला फरक बघ. कार्य असतं ते त्या फरकात. हिमोग्लोबिन त्यासाठी सगळ्यांत चांगलं, कारण फरक एवढा मोठा आहे की तो आधी सूक्ष्मदर्शकातून दिसला. १९३८ साली हॉरोविट्झ यांनी बघितलं की ऑक्सिजन नसलेल्या हिमोग्लोबिनच्या जांभळट षटकोनी चकत्यांना हवा लागली की क्रिस्टल मोडतात आणि त्यांच्या जागी लालभडक सुया तयार होतात. रेणूचा आकारच बदलला नसता तर क्रिस्टल मोडायचं कारण नव्हतं. पेरूट्झ यांनी १९३७ मध्ये हिमोग्लोबिन हातात घेतलं आणि पहिली ढोबळ रचना मिळायला १९५९ उजाडलं. यंत्रणा समजायला आणखी अकरा वर्षं लागली. तेव्हा अडीच मार्कांनी खचू नकोस.

आता फेरा फिरवू. ऑक्सिजन नसताना लोह हीमच्या पातळीबाहेर सुमारे ०.४ अँगस्ट्रॉम असतं, एफ नावाच्या हेलिक्सवरच्या आठव्या हिस्टिडीनच्या (एफ८) बाजूला. ऑक्सिजन बसला की लोह पातळीत येतं. ते येताना हिस्टिडीनला ओढतं, हिस्टिडीन अख्ख्या एफ हेलिक्सला ओढतं आणि तो धक्का साखळ्यांच्या सांध्यापर्यंत पोचतो. एक अल्फा-बीटा जोडी दुसऱ्या जोडीच्या मानानं सुमारे १५ अंश फिरते. दोन बीटा साखळ्यांतली लोहं एकमेकांच्या सुमारे ७ अँगस्ट्रॉम जवळ येतात. इकडे ०.४ आणि तिकडे ७. आबांना हे सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, 'तरफ आहे.'

आता सांध्यावर ये. ऑक्सिजन नसताना बीटा साखळीचं ९९ वं ॲस्पार्टेट अल्फाच्या ४२ व्या टायरोसीनला हायड्रोजन बंधानं धरतं. ऑक्सिजन आला, जोडी फिरली की हा बंध तुटतो आणि त्याच सांध्यात दुसरा जमतो: अल्फाचं ९४ वं ॲस्पार्टेट आणि बीटाचं १०२ वं ॲस्परजीन. दरवाजाला दोन कड्या आहेत असं समज, एक बंद ठेवणारी, एक उघडा ठेवणारी.

काही लोकांत बीटाच्या ९९ व्या जागी ॲस्पार्टेटऐवजी ॲस्परजीन असतं. या हिमोग्लोबिनला केम्पसी म्हणतात. आता कुठलंही पुस्तक न उघडता सांगता येतं. कुठली कडी गेली? ऑक्सिजन नसलेल्या रचनेतली. मग ती रचना ढिली पडली आणि रेणू ऑक्सिजनवाल्या रचनेकडे झुकला. ओढ वाढली, वक्ररेषा डावीकडे सरकली, चार साखळ्यांचा ऑक्सिजन धरताना एकमेकींना मदत करण्याचा गुण कमी झाला. फुप्फुसात भरून घेतो, पण पेशींपाशी सोडायला तयार नाही. पेशींना कमी पडतं म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवतं. एका अमिनो ॲसिडपासून रक्ताच्या रिपोर्टपर्यंत आलो, आणि मधली प्रत्येक पायरी दाखवता आली. तुझ्या मॅडमना उत्तरात ही पायरी पाहिजे होती.

तुला दोन कामं देते. बीटाच्या १०२ व्या जागी ॲस्परजीनऐवजी थ्रिओनीन असलेलं हिमोग्लोबिन आहे, कॅन्सस नावाचं. त्याचं काय होईल ते शोधाशोध न करता लिही. दुसरं तुझं १४३. दोन्ही रचना वरून बघ, दोन बीटांच्या मधल्या पोकळीत, आणि तिथे काय बसू शकतं ते आठव. उत्तर मी सांगत नाही.

इचलकरंजी, अल्फाफोल्ड मोठं काम आहे यात शंका नाही, माझे विद्यार्थी रोज वापरतात. पण तिच्या या प्रश्नाला ते पुरत नाही. डेटाबेसमधली बीटा साखळी एकटी असते, तिच्यात हीम नाही, ऑक्सिजन नाही, शेजारची साखळी नाही, आणि मिळते ती एकच स्थिती. एक अमिनो ॲसिड बदलून टाकलं तरी चित्र बहुतेक तेच येतं. बदल होतो तो दोन स्थितींच्या तोलात.

हिरडा_साल

उद्यमनगर मॅडम, तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझं शिक्षण बी.एस्सी.पर्यंत, घरचा धंदा कोल्हापुरी चपलांचा, तीन पिढ्या. राधानगरी ताईंना आणखी एक प्रोटीन सुचवतो, जे कोल्हापूरकराच्या पायात असतं.

कातडं म्हणजे कोलॅजेन. तीन साखळ्यांचा पीळ, दोरखंडासारखा. प्रत्येक साखळीत दर तिसरं अमिनो ॲसिड ग्लायसीन. का, तर तीन साखळ्या मध्ये जिथे एकत्र येतात तिथे जागाच नाही, ग्लायसीनचा एकटा हायड्रोजन तेवढा मावतो. हा तिपेडी पीळ आपल्या रामचंद्रन यांनी गोपीनाथ कार्था यांच्याबरोबर मद्रासला १९५४-५५ च्या सुमारास मांडला, रामचंद्रन प्लॉटच्या आधी.

यातही मॅडम म्हणतात तशा दोन स्थिती आहेत आणि आम्ही त्या हातानं बघतो. न कमावलेलं ओलं कातडं साधारण ६५ अंशांच्या पाण्यात घातलं की बघता बघता आखडतं, चिमतं. पीळ उलगडला. पाया रस्सा थंड झाल्यावर भांड्यात थरथरतो ना, तो हाच उलगडलेला कोलॅजेन, जिलेटिन. आता तेच कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलं की सालीतलं टॅनिन पिळाच्या आजूबाजूला हायड्रोजन बंधांनी घट्ट बसतं, साखळ्यांना एकमेकींशी जखडून टाकतं. मग आखडायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते, आणि जंतूंनाही ते सहज खाता येत नाही. माझे आजोबा कमावलेल्या तुकड्याची कड कापून बघायचे, रंग आतपर्यंत एकसारखा गेलाय का. मध्ये पांढरी रेघ दिसली की माल परत सालीत. कॉलेजात कोलॅजेन शिकलो तेव्हा कळलं की त्या पांढऱ्या रेघेत टॅनिन पोचलेलं नसतं.

ताई, परीक्षेत विचारतील: ग्लायसीनच्या जागी मोठं अमिनो ॲसिड आलं तर? मध्ये जागा नाही, पीळ तिथे फुगतो, घडी घालायला उशीर लागतो. हाडांतल्या कोलॅजेनमध्ये हे झालं की हाडं ठिसूळ होतात. एका हायड्रोजनच्या जागेचा प्रश्न आहे, पण लहान मुलाचं हाड मोडतं.

राधानगरीची

चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

असेंब्ली उतरवली तरी पहिल्यांदा दोनच साखळ्या दिसल्या. दुसरी जोडी वेगळ्या स्टेटमध्ये लपली होती, 'ऑल स्टेट्स' चालू केल्यावर चारही आल्या. मग मैत्रिणीच्या मदतीनं दोन्ही रचनांमधली एक-एक अल्फा-बीटा जोडी एकमेकांवर बसवली. ती जवळजवळ तंतोतंत बसली. आणि उरलेली जोडी तिरकी! एक निळी, एक केशरी, दोघींच्या मध्ये फट. पंधरा अंश मी वहीत दहा वेळा लिहिले असतील, ते किती असतात ते रविवारी रात्री बघितलं. बराच वेळ नुसती मागे-पुढे करत राहिले.

कॅन्सस. १०२ चं ॲस्परजीन ऑक्सिजनवाल्या रचनेत कडी लावतं. थ्रिओनीननं ती लागत नाही. म्हणजे ऑक्सिजनवाली रचना ढिली, रेणू दुसऱ्या रचनेकडे झुकणार, ओढ कमी, वक्ररेषा उजवीकडे. फुप्फुसातसुद्धा पूर्ण भरणार नाही. बरोबर असेल तर मला एक प्रश्न पडलाय: धमनीतलं रक्तही अर्धवट ऑक्सिजनचं असेल, तर त्या माणसाचे ओठ निळसर दिसतात का?

आता १४३. वरून बघितलं. ऑक्सिजन नसताना दोन बीटांच्या मध्ये चांगली पोकळी आहे, ऑक्सिजन असताना ती आवळते. त्या पोकळीत २,३-बीपीजी हा तांबड्या पेशीतला लहान रेणू बसतो. तो ऋण भाराचा. मी पोकळीच्या कडेची अमिनो ॲसिड एकेक करून रंगवली: साखळीचं टोक, हिस्टिडीन २, लायसीन ८२, आणि हिस्टिडीन १४३. सगळी धन भाराची किंवा होऊ शकणारी, आणि दोन्ही बीटांची मिळून दुप्पट. म्हणजे बीपीजी हे पाचरीसारखं आहे, ते ऑक्सिजन नसलेली रचना धरून ठेवतं. गॅमामध्ये १४३ ला सेरीन आलं की दोन्ही बाजूंचा एकेक धन भार गेला, पाचर सैल बसली, त्या रचनेचा आधार कमी झाला. म्हणून ऑक्सिजनची ओढ वाढली. म्हणून आईच्या रक्तातला ऑक्सिजन बाळाच्या रक्ताकडे जातो.

पेपरच्या मागच्या कोऱ्या पानावर हे सहा ओळींत लिहिलं आणि मॅडमना दाखवलं. त्यांनी पूर्ण वाचलं, १४३ भोवती गोल केला आणि म्हणाल्या, 'आता सिकल सेलचं असंच आण.' ते काढतेय. बीटाचं ६ वं ग्लुटामेट जाऊन व्हॅलीन आलं एवढं पाठ होतं. आता शोधतेय की ते तेलकट व्हॅलीन शेजारच्या रेणूत कुठे जाऊन बसतं आणि ती जागा कुठल्या स्थितीत उघडी असते.

हिरडा दादा, तुमची पांढरी रेघ मी वहीत कोलॅजेनच्या पानावर लिहून ठेवलीय.

उद्यमनगर

दोन्ही बरोबर, पोरी. १४३ ला एक भर घाल, मॅडमना आवडेल: बीपीजी पूर्ण काढून टाकलं तर मोठ्यांच्या आणि गर्भाच्या हिमोग्लोबिनची ओढ जवळपास सारखीच निघते. तुझ्या पाचरीचा पुरावा तोच.

कॅन्ससच्या माणसाचे ओठ निळसर दिसतात, तुझा अंदाज खरा आहे. पण त्याला तसा त्रास होत नाही. वक्ररेषा काढ, फुप्फुसाच्या १०० आणि पेशींजवळच्या ३० मिमी पारा या ऑक्सिजनच्या दाबांवर उभ्या रेघा मार आणि दोन्हींमध्ये किती ऑक्सिजन सुटतो ते मोज.

सिकल सेलची जागा सापडली की इथेच लिही. बीटाच्या ८५ व्या फेनिलॲलनीनच्या आणि ८८ व्या ल्युसीनच्या आसपास बघ, ४एचएचबीमध्येच.